माळा रिकामा करायचाय? मग असं करा

सगळं घर एकदम काढू नका, फक्त माळ्यापासून सुरू करा, कारण तिथलं सामान कोणी रोज वापरत नाही म्हणून सोडताना जीव कमी तुटतो. आधी रिकामे खोके, बंद मिक्सर, टीव्हीसोबत आलेलं थर्माकोल (ते लोक का जपून ठेवतात देव जाणे). रद्दी देण्याआधी त्यातली मार्कशीट, घराचे पेपर बघून घ्या. जुने मोबाईल, बॅटऱ्या भंगारात नको, ई-कचरावाल्यांनाच द्या. साड्या बोहारणीला दिल्या तर ती बदल्यात स्टीलचं भांडं देते, म्हणजे एक गेलं न दुसरं आलं, त्यापेक्षा सरळ कोणालातरी देऊन टाका. आजीच्या वस्तूंची मात्र घाई नको, एखादीच ठेवा पण वापरात काढा, पितळी डबा असेल तर त्यात पोहे भरा की!