इंग्रजी लिहिताना या चुका टाळा (आणि या 'चुकां'ची काळजी सोडा)

इंग्रजी लिहिताना वारंवार दिसणाऱ्या चुकांची मुळं मुख्यतः दोन. एक तर कान फसवतो, नाहीतर माणूस गरजेपेक्षा जास्त जपून लिहितो. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

अपॉस्ट्रॉफीचा घोळ

सगळ्यात जास्त खटकणारी चूक 'इट्स'ची. आय-टी-एस ही अक्षरं सलग लिहिली तर ते मालकी दाखवणारं सर्वनाम. टी आणि एस यांच्यामध्ये अपॉस्ट्रॉफी (अक्षरांच्या वरच्या बाजूला येणारं स्वल्पविरामासारखं चिन्ह) आला तर ते 'इट इज' किंवा 'इट हॅज' यांचं आखूड रूप. नामाची मालकी दाखवताना अपॉस्ट्रॉफी लागतो, मग सर्वनामालाही लागत असणार असं वाटतं आणि तिथेच गाडी घसरते. हिज, हर्स, अवर्स, देअर्स यांतल्या एकालाही अपॉस्ट्रॉफी नाही. मालकीचं 'इट्स' त्यांच्याच पंगतीतलं.

शंका आली की त्या जागी 'इट इज' आणि मग 'इट हॅज' घालून वाक्य मोठ्याने वाचा. 'द डॉग वॅग्ड इट इज टेल' हे कानाला लगेच टोचतं, 'इट हॅज'ही तसंच, म्हणजे तिथे अपॉस्ट्रॉफी नको. हीच कसोटी 'युअर' आणि 'यू आर'च्या आखूड रूपालाही लावा. स्पेलचेकवर विसंबू नका. दोन्ही रूपं शब्दकोशात असल्यामुळे चूक बऱ्याचदा त्याच्या नजरेतून निसटते, आणि फोनचा ऑटोकरेक्ट तर कधी कधी नको तिथे अपॉस्ट्रॉफी घालून मोकळा होतो.

अनेकवचनालाही अपॉस्ट्रॉफी लागत नाही. दशक लिहिताना 1990 या आकड्यांना थेट एस जोडा. टोमॅटोच्या अनेकवचनात अपॉस्ट्रॉफी घुसवण्याची सवय इतकी जुनी आहे, की ब्रिटनमध्ये या चुकीला भाजीवाल्यांच्या पाट्यांवरून 'ग्रीनग्रोसर्स अपॉस्ट्रॉफी' असं नावच पडलंय.

कानाने लिहिलेले शब्द

'कुड ऑफ' ही शुद्ध कानाची चूक. बोलताना 'कुड हॅव'चं 'कुडव्ह' होतं. एका एफचं 'ऑफ' इंग्रजीत 'ऑव्ह' असं उच्चारलं जातं, त्यामुळे दोन्हींचा शेवट सारखाच ऐकू येतो. लिहून झालं की कुड, शुड, वुड, माइट आणि मस्ट हे शब्द फाइंडने शोधा. त्यांच्या लगेच पुढे 'ऑफ' दिसलं की तिथे 'हॅव' करा. अपवाद: 'ऑफ कोर्स', आणि 'ताकद' या अर्थाच्या 'माइट'पुढचं 'ऑफ'.

'हरवणे' या अर्थाच्या 'लूझ'मध्ये एकच ओ असतो, 'सैल' या अर्थाच्या 'लूस'मध्ये दोन.

'अ' की 'ॲन' हे मात्र कानावरच सोडा, स्पेलिंगवर नको. 'ॲन अवर', कारण एच मुका आहे. 'अ युनिव्हर्सिटी', कारण सुरुवात 'यु'च्या ध्वनीने होते. 'ॲन एमबीए', कारण पहिलं अक्षर 'एम' असं उच्चारलं जातं.

अति जपण्यातून होणाऱ्या चुका

लहानपणी 'मी अँड हिम वेंट' म्हटल्यावर इतकं टोकलं जातं, की पुढे माणूस सगळीकडेच 'अँड आय' लावत सुटतो. 'शी इन्व्हायटेड माय ब्रदर अँड आय' ऐकायला भारदस्त वाटतं, पण चूक आहे. दुसऱ्या माणसाला वाक्यातून बाजूला काढा. उरतं 'शी इन्व्हायटेड आय'. म्हणजे इथे इंग्रजी 'मी'च (एम-ई) हवं. 'बिटवीन'ला ही युक्ती चालत नाही, तिथे अनेकवचन करून बघा: 'बिटवीन वी' कुणी म्हणत नाही, 'बिटवीन अस' म्हणतात. म्हणून 'बिटवीन यू अँड मी'. 'प्लीज कॉन्टॅक्ट मायसेल्फ' हीही त्याच सवयीची पुढची पायरी. साधं 'मी' पुरतं.

'हूम'साठी उत्तरात 'हिम' बसतं का ते पाहा. 'ही' बसलं तर 'हू'. एक सापळा मात्र ओळखून ठेवा: 'द मॅन हूम आय थॉट वॉज माय फ्रेंड'. यातलं 'आय थॉट' काढलं की उरतं 'ही वॉज माय फ्रेंड'. म्हणजे 'हू'च बरोबर. चांगले लिहिणारेही इथे फसतात.

जास्तीचे शब्द

'रिटर्न बॅक', 'रिप्लाय बॅक', 'डिस्कस अबाउट', 'डिस्पाइट ऑफ': या सगळ्यांतला दुसरा शब्द खोडा. 'एटीएम मशीन'मध्ये मशीन दोनदा येतं, 'पिन नंबर'मध्ये नंबर. बोलताना 'पिन नंबर'ला आमची हरकत नाही, कारण नुसतं 'पिन' म्हटलं तर टाचणीही डोळ्यांपुढे येते.

यांची काळजी सोडा

वाक्याच्या शेवटी प्रेपोझिशन नको, 'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये शब्द नको, एका माणसासाठी 'दे' नको: हे नियम म्हणून डोक्यात बसवून घेऊ नका. एकवचनी 'दे' चौदाव्या शतकापासून वापरात आहे. 'लेस' आणि 'फ्यूअर'चा काटेकोर भेदसुद्धा इंग्रजी भाषेवर लिहिणाऱ्या रॉबर्ट बेकर यांनी 1770 मध्ये स्वतःची पसंती म्हणून मांडला होता. औपचारिक लेखनात मोजता येणाऱ्या वस्तूंना 'फ्यूअर' लावा, पण अंतर, वेळ आणि पैसा यांना 'लेस'च शोभतं: 'लेस दॅन टेन माइल्स'.

राहिलं 'लिटरली'. जोर देण्यासाठी ते अठराव्या शतकापासून वापरलं जातंय आणि मोठ्या शब्दकोशांनीही तो अर्थ नोंदवलाय. गप्पांत खुशाल वापरा. पण अपघाताच्या किंवा नुकसानीच्या अहवालात 'द रूफ लिटरली फेल' असं लिहिलंत, तर छप्पर खरंच पडलं की नुसतं खचलं, हे वाचणाऱ्याला कळणार नाही. तिथे तो शब्द काढा आणि छपराचा किती भाग पडला ते लिहा.