कार लोनची फाइल कुठे अडते? कागदपत्रांतल्या या चुका टाळा

शोरूममधला पोरगा सांगतो, "आधार, पॅन, तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप आणि बँक स्टेटमेंट द्या, झालं." यादी बरोबरच आहे. पण मी काही वर्षं कर्जाच्या फायली तपासल्यात. कागद कमी आहे म्हणून रखडलेली फाइल क्वचितच पाहिली; राहिलेला कागद माणूस संध्याकाळपर्यंत आणून देतो. फाइल लोंबकळते ती एक कागद एक सांगतो आणि दुसरा भलतंच, तेव्हा.

सगळ्यात जास्त डोकेदुखी नावाची. पॅनवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, आधारवर मधलं नाव गायब, सॅलरी स्लिपवर आडनाव आधी आणि बाकी आद्याक्षरं. एवढं बहुतेक ठिकाणी 'या दोन्ही नावांची व्यक्ती मीच' असं प्रतिज्ञापत्र देऊन निभावतं. लग्नानंतर निम्मे कागद माहेरच्या आणि निम्मे सासरच्या नावाने असतील तर मात्र विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद लागतेच. लग्नपत्रिका घेऊन येणारेही पाहिलेत. पत्रिकेवर नातवंडांची नावं कितीही हौसेने छापलेली असोत, बँकेला तिचा उपयोग नाही. पॅन-आधार जोडणीही आधीच तपासा. १ जुलै २०२३ पासून न जोडलेली पॅन निष्क्रिय झाली आणि अनेकांना ते थेट बँकेच्या टेबलावरच कळलं.

पत्त्याचं तसंच. आधार लातूरचं, राहणं पुण्यात भाड्याने. इथे नोटरी केलेला भाडेकरार पुढे करू नका, नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स द्या. महाराष्ट्रात १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने ही नोंदणी तशीही सक्तीची आहे. वीजबिल देणार असाल तर ते दोन महिन्यांपेक्षा जुनं नको, आणि त्यावर नाव घरमालकाचं असेल तर नुसतं बिल कामाचं नाही. मग एक दिवस पडताळणीवाला दारात येतो. घरच्यांना सांगून ठेवा! एका घरी आईने "आमच्याकडे कुणी कर्जबिर्ज काढलेलं नाही" म्हणून त्याला उंबऱ्यावरूनच परत लावलं. अहवाल निगेटिव्ह, फाइल पुन्हा पहिल्यापासून.

बँक स्टेटमेंट साधारण सहा महिन्यांचं मागतात. मोबाइलचे स्क्रीनशॉट चालत नाहीत. पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून लोक कुठल्याशा वेबसाइटवर तो काढून फाइल पाठवतात. तसं करू नका. तपासणीचं सॉफ्टवेअर फाइल बदललेली असल्याचं दाखवतं आणि तुम्ही एकही आकडा बदललेला नसताना संशयाखाली येता. नेटबँकिंगमधून उतरवलेली मूळ फाइल जशीच्या तशी पाठवा, पासवर्ड वेगळा कळवा.

धंदेवाल्यांची गोष्ट निराळी. त्यांना दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं लागतात, सोबत गुमास्ता (दुकानाचा परवाना) किंवा उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंद). विवरणपत्र भरलं पण ३० दिवसांत ई-व्हेरिफाय केलंच नाही, ही चूक मी डोळ्यांनी अनेकदा पाहिली आहे. पोचपावती हातात असते, पण व्हेरिफाय न केलेलं विवरणपत्र वैध नसतं. दुसरा प्रकार, दोन वर्षांची विवरणपत्रं एकाच आठवड्यात, तीही कर्जाच्या तोंडावर भरलेली. तपासणारा आधी भरल्याची तारीख बघतो, उत्पन्न नंतर. आणि कर वाचवायला उत्पन्न कमी दाखवलं असेल तर हप्त्याची ऐपतही तेवढीच धरली जाणार, तिथे वाद घालून उपयोग नाही.

शेतकऱ्यांनी सातबारा आणि आठ-अ डिजिटल स्वाक्षरीचे काढावेत. संकेतस्थळावर फुकट दिसणारा उतारा फक्त माहितीपुरता असतो. जमीन सामाईक असेल तर आपला हिस्सा किती, हे आधीच विचारून ठेवा.

कोटेशन अर्जदाराच्याच नावाचं घ्या. गाडी वडिलांच्या नावावर आणि कर्ज मुलाच्या, असं बँक सहसा मान्य करत नाही. कर्ज एक्स-शोरूम किमतीवर मिळणार की ऑन-रोड, तेही विचारा. रोड टॅक्स आणि विम्याचे पैसे ऐनवेळी खिशातून काढायची वेळ पुष्कळांवर येते.

कोऱ्या फॉर्मवर "फक्त सह्या करा, बाकी आम्ही भरतो" याला बळी पडू नका. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ कर्जांना की फॅक्ट स्टेटमेंट देणं बंधनकारक आहे. त्यात सगळे शुल्क धरून येणारा वार्षिक दर छापलेला असतो. तो वाचा, मग सही करा. आणि हप्त्याच्या मॅन्डेटवर, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायच्या परवानगीवर, सही बँकेत आहे तशीच हवी; घाईत गिरवलेल्या सहीमुळे मॅन्डेट परत येतं.

शेवटचा हप्ता गेला की लोक फाइल माळ्यावर टाकतात. आरसीवर बँकेचा बोजा तसाच राहतो आणि गाडी विकताना घोडं अडतं. बँकेची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) आणि बँकेची सही असलेला फॉर्म ३५, म्हणजे बोजा उतरवायचा अर्ज, घेऊन लगेच आरटीओचं काम उरका. बहुतेक एनओसींवर तीन महिन्यांचीच मुदत छापलेली असते.