वस्तीत आवाज टिपताना: नव्या बातमीदारांसाठी

मुलाखत कशी घ्यायची हे कॉलेजात शिकवलेलं असतं. नवी मुलं फसतात ती पहिल्या माणसापाशी.

पुण्यातली जनता वसाहत घ्या नाहीतर ताडीवाला रोडची वस्ती, आधी भेटतो मंडळाचा अध्यक्ष किंवा माजी नगरसेवकाचा कार्यकर्ता. तो चहा सांगतो, सलग बोलतो, पाच मिनिटांत बाइट (रेकॉर्ड केलेलं छोटं म्हणणं) देतो. मग 'रहिवाशांचं म्हणणं' म्हणून त्याचंच म्हणणं छापून येतं. विषय पुनर्वसनाचा असेल तर हे फार घातक. घरमालकाला पात्र यादीत नाव लागण्याची आशा असते. त्याच गल्लीतल्या भाडेकरूला नुसती खोली सोडावी लागते. पोटमाळ्यावरच्या धाकट्या भावाचं दुखणं वेगळं, घर सासऱ्याच्या नावावर असलेल्या विधवेचं त्याहून वेगळं. म्हणून एकच प्रश्न निदान चौघांना विचारा: मालक, भाडेकरू, एखादी बाई आणि पंचविशीच्या आतलं कुणीतरी. बाईंशी बोलताना कार्यकर्त्याला तिथून दूर पाठवा. तो दारात उभा असेल तर त्या "सगळं बरं आहे" एवढंच सांगतील.

संघटनांकडे जरूर जा. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून कचरावेचकांसाठी लढते आहे, तिथे पक्की माहिती मिळते. पण तेवढ्यावर थांबू नका. वर्गीकरण आणि भंगारवाल्याकडचं वजन उरकल्यावरच कचरावेचकांना गाठा, आधी थांबवलंत तर त्यांची कमाई बुडते.

पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो. गोधड्यांच्या चळतीजवळ बसवा, माइक हनुवटीखाली वीतभर ठेवा, पंखा बंद करा. शेवटी अर्धा मिनिट नुसती खोली रेकॉर्ड करा. संकलनात जोड लपवायला ती लागतेच.

गुन्ह्याच्या बातमीत पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकातून 'पारधी' हा शब्द जसाच्या तसा उचलू नका. जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, मथळ्यांमधून तो अजून गेलेला नाही. जातीमुळे अत्याचार झाला असेल तर मात्र जात लिहायलाच हवी.

"दोन बाइट आण, बाकी मी बघतो" म्हणणाऱ्या सीनियरकडून वेग शिका, पद्धत नको. सुरुवातीला लोक बोलत नाहीत, त्याने खचू नका. दुसऱ्यांदा रेकॉर्डर न काढता गेलात की बरंच बदलतं.

छापण्याआधी ज्याचं त्याला वाक्य वाचून दाखवा. एखाद्या बाई नाव नको म्हणाल्या तर गल्ली आणि धंदाही गाळा, कारण 'कोपऱ्यावरची भाजीवाली' एवढ्यावरूनही अख्खी वस्ती त्यांना ओळखते.