सॅन होजेमध्ये बंदूक बाळगताना: नोंदणी, विमा आणि खासगीपणा

कॅलिफोर्नियात बाहेरून राहायला येताना बंदूक आणली असेल, तर ६० दिवसांत राज्याच्या न्याय विभागाकडे तिची नोंद करावी लागते. अर्जात गडबड होते ती सिरियल नंबरात. नंबर खोक्यावरून नव्हे, बंदुकीवरूनच उतरवा आणि ० की ओ, १ की आय, हे भिंगाखाली पाहा.

याच राज्यातल्या सॅन होजे शहरात १ जानेवारी २०२३ पासून दायित्व विमाही (बंदुकीमुळे अपघाताने दुसऱ्याचं नुकसान झालं, तर भरपाई देणारा विमा) लागतो. नवी पॉलिसी घेण्याची घाई नको. घरमालकाची किंवा भाडेकरूची पॉलिसी बहुधा पुरते. बंदुकीमुळे अपघाताने झालेली इजा वगळलेली नाही ना, एवढं कंपनीकडून लेखी घ्या. मुद्दाम केलेल्या कृत्याला विमा मिळत नाही. मग शहराच्या फॉर्मवर कंपनीचं नाव आणि पॉलिसी नंबर लिहून सही करा, आणि तो बंदुकीसोबतच ठेवा. बरेच जण इथेच अडखळतात: हा कागद पालिकेत जमा करायचा नसतो, पोलिसांनी कायदेशीरपणे मागितला तर दाखवायचा असतो.

खासगीपणाची धास्ती अनाठायी नाही. जून २०२२ मध्ये राज्याच्याच पोर्टलवरून बंदूक लपवून सोबत बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केलेल्यांची नावं, पत्ते उघडे पडले होते. म्हणून विमा कंपनीला विचारलं तेवढंच सांगा. चोरीचं वेगळं संरक्षण हवं असेल तरच बंदुकांची यादी द्या. सिरियल नंबरांची एक प्रत बंदुकीपासून दूर, कागदावर असू द्या. चोरी कळल्यापासून ५ दिवसांत तक्रार द्यावी लागते.