स्पर्धेला जाऊन अव्वल टेनिसपटूंचा खेळ कसा पाहावा

टेनिस पाहताना चेंडूवरची नजर काढता येणे ही सर्वांत अवघड आणि सर्वांत फळ देणारी सवय आहे. दूरचित्रवाणीवर वर्षानुवर्षे सामने पाहिलेला चाहता पहिल्यांदा प्रत्यक्ष स्पर्धेला जातो, तेव्हा त्याला एक चुटपुट हमखास लागते. समोर यानिक सिन्नर किंवा कार्लोस अल्कराझ खेळत असतो, मान डावी-उजवीकडे फिरत असते, टाळ्याही मनापासून वाजवल्या जातात, आणि संध्याकाळी आठवू गेले तर गुणफलकाखेरीज फारसे काही हाती उरलेले नसते. माझेही पहिल्या खेपेला हेच झाले. चेंडू कुठे पडला हे सगळ्यांनाच दिसते. पण अव्वल खेळाडू अव्वल का आहे, हे चेंडू जाळीच्या पलीकडे असताना तो काय करतो त्यावरून कळते.

तयारी ड्रॉपासून, म्हणजे कोण कुणाशी खेळणार हे दाखवणाऱ्या तक्त्यापासून करावी. ग्रँड स्लॅम स्पर्धेच्या पुरुष एकेरीत १२८ खेळाडू असतात, त्यांपैकी ३२ जणांना मानांकन मिळते, आणि रचना अशी केलेली असते की कोणतेही दोन मानांकित खेळाडू तिसऱ्या फेरीच्या आत एकमेकांसमोर येत नाहीत. पहिला आणि दुसरा मानांकित तर अंतिम फेरीतच भेटू शकतात. यावरून सुरुवातीच्या फेऱ्या एकतर्फी असणार आणि पाहण्याजोगे ते उपांत्य फेरीपासून पुढेच, असा अनेकांचा समज होतो. तो मला पटत नाही. पहिल्या दोन फेऱ्यांत मोठा खेळाडू आपल्या मनासारखा खेळत असतो, त्यामुळे त्याच्या आवडीचे फटके आणि सर्व्हिसच्या दिशा स्वच्छ ओळखता येतात. पुढे तोडीचा प्रतिस्पर्धी समोर आला की यातले नेमके काय त्याला करू दिले जात नाही, हे समजायला ही ओळख लागतेच. शिवाय दहाव्या-पंधराव्या मानांकनाचे खेळाडू या फेऱ्यांत अनेकदा बाहेरच्या लहान कोर्टांवर खेळतात, आणि तिथे त्यांच्या श्वासाचा आवाज ऐकू येईल इतक्या जवळ बसता येते. दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम आदल्या संध्याकाळी जाहीर होतो. तो वाचून दोन सामने निवडावेत आणि ते पुरते पाहावेत. पाच सामन्यांचे तुकडे पाहून काही मिळत नाही.

सकाळी मात्र आधी सरावाची कोर्टे गाठावीत, कारण अव्वल खेळाडू इतक्या जवळून दुसरीकडे कुठेच दिसत नाही. सरावाची सुरुवात बहुधा अगदी हळू होते: दोघेही सर्व्हिसच्या रेषेपाशी उभे राहून अर्ध्या कोर्टातच चेंडू टोलवत असतात, खांदे सैल असतात, गप्पाही चाललेल्या असतात. अशा वेळी पायांकडे पाहावे. चेंडू इतका मंद येत असतानाही प्रत्येक फटक्याआधी चार-पाच बारीक पावले पडतातच. आळसाने हात लांब करून घेतलेला चेंडू जवळजवळ दिसतच नाही. एका सकाळी मी एका अव्वल खेळाडूला बाजूच्या रेषेलगत सरळ जाणारा बॅकहँड एवढाच एक फटका सुमारे वीस मिनिटे मारताना पाहिले. त्याचा प्रशिक्षक काही बोलत नव्हता, फक्त चेंडू आखूड पडला की तळहात पुढे ढकलून ‘अजून खोल’ असे सुचवत होता. त्याच संध्याकाळी निर्णायक सेटमध्ये ब्रेक पॉइंटवर, म्हणजे सर्व्हिस करणारा गेम गमावण्यापासून एकच गुण दूर असताना, त्याने तोच फटका मारला, आणि आजूबाजूचे लोक थक्क होऊन उभे राहिले तेव्हा मला सकाळचा तो तळहात आठवला. सरावानंतर सही हवी असेल तर खेळाडू ज्या दाराने बाहेर पडतो तिथे आधीच उभे राहावे आणि लहान मुलांना पुढे जाऊ द्यावे. सराव चालू असताना हाका मारू नयेत.

जागेची निवड करता येत असेल तर बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या टोकाच्या रेषेच्या मागची, खालच्या बाजूची जागा घ्यावी. दूरचित्रवाणीचा मुख्य कॅमेरा उंचावर असतो आणि त्यातून सारे फटके सपाट वाटतात. खाली बसल्यावर कळते की टॉपस्पिनचा, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी दिलेला जोरकस फोरहँड जाळीच्या बराच वरून जातो आणि मग कुणी ओढून घेतल्यासारखा रेषेच्या आत उतरतो. बाजूच्या स्टँडमधून चेंडूचा वेग अधिक जाणवतो, पण मान फिरवण्यातच लक्ष जाते. तिथे बसावे लागले तर एक उपाय करावा: पूर्ण एक गेम फक्त एकाच खेळाडूकडे पाहावे आणि चेंडू पलीकडे गेला तरी नजर हलवू नये. पहिले चार-पाच गुण मन ऐकत नाही, नंतर मात्र पुष्कळ काही दिसू लागते.

सर्वांत आधी दिसते ती उडी. प्रतिस्पर्ध्याची रॅकेट चेंडूला भिडण्याच्या किंचित आधी हा खेळाडू जागच्या जागी बारीकशी उडी घेतो, आणि पाय जमिनीला टेकता टेकताच त्यांतला एक पाऊल वळवून योग्य दिशेला निघालेला असतो. ताशी २०० किलोमीटर वेगाची सर्व्हिस अर्ध्या सेकंदाच्या आसपास समोर येते, म्हणून विचार करायला वेळ असा उरतच नाही. जे काही असते ते त्या उडीच्या अचूक वेळेत असते. नोव्हाक जोकोविच हार्ड कोर्टवर दोन्ही पाय फाकवून घसरत जातो आणि त्या घसरणीतच बॅकहँड परत करतो, तेव्हा टाळ्या फटक्याला मिळतात. पण त्यानंतर तो किती लवकर सावरून पुन्हा मध्यावर येतो, ते पाहावे. लहानपणी इटलीत स्कीइंगच्या स्पर्धा जिंकलेल्या सिन्नरच्या घसरण्यातही असाच तोल आहे. अल्कराझचा ड्रॉप शॉट पाहायचा असेल तर त्याच्या प्रतिस्पर्ध्याचे पाय पाहावेत. जोरकस फोरहँडच्या धाकाने तो बेसलाइनच्या तीन-चार मीटर मागे सरकला की समजावे, आता चेंडू जाळीजवळ टपकण्याची वेळ झाली. अल्कराझची तयारी शेवटच्या क्षणापर्यंत फोरहँडचीच असते, आणि समोरच्याला एकाएकी बारा-पंधरा मीटर धावावे लागते.

यानंतर रिटर्न घेणारा कुठे उभा राहतो, हे पाहण्याची सवय लावावी. डॅनिल मेदवेदेव थेट मागच्या भिंतीजवळ जाऊन उभा राहतो. रॉजर फेडरर बेसलाइनला चिकटून असे. दुसऱ्या सर्व्हिसला खेळाडू दोन पावले पुढे आला तर तो दबाव आणू पाहतो आहे, आणि तीच जागा सेट संपता संपता बदलली तर काहीतरी बिनसले आहे किंवा नवी चाल ठरली आहे. डावखुऱ्या खेळाडूच्या वेळी कोर्टाची कोणती बाजू आहे याकडेही लक्ष असावे. ३०-४० किंवा ॲडव्हान्टेज (४०-४० नंतर एकाकडे आलेला वरचढ गुण) असताना सर्व्हिस नेहमी डाव्या बाजूने होते, आणि तिथून डावखुऱ्याची वळणारी सर्व्हिस उजव्या हाताने खेळणाऱ्याला बॅकहँडकडे, पार कोर्टाबाहेर खेचून नेते. राफेल नदालने कारकिर्दीत असंख्य ब्रेक पॉइंट याच सर्व्हिसने वाचवले. गुणांची मांडणी माहीत असलेला चाहता असा क्षण येण्याआधीच सावध होऊन बसतो, आणि या खेळातला मला सर्वांत प्रिय असलेला आनंद हाच आहे.

मात्र माझ्या मते खरे पाहण्याजोगे आहे ते दोन गुणांच्या मधले अंतर. नियमाने तिथे २५ सेकंद मिळतात. फेडररने २०२४ मध्ये डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात सांगितले होते की कारकिर्दीतील १५२६ एकेरी सामन्यांपैकी जवळजवळ ८० टक्के त्याने जिंकले, पण गुण जिंकले ते केवळ ५४ टक्के. याचा अर्थ असा की जगातला थोर खेळाडूसुद्धा जवळजवळ प्रत्येक दुसरा गुण गमावत असतो आणि पुन्हा बेसलाइनपाशी येऊन उभा राहतो. म्हणून गुण गमावल्यावर लगेच कोर्टाकडे पाहणे सोडू नये. खेळाडू टॉवेलकडे कसा चालत जातो, खांदे पडले आहेत की सरळ आहेत, प्रशिक्षकाकडे किती वेळा पाहतो, सर्व्हिसआधी चेंडू नेहमीइतकाच आपटतो की घाई करतो, हे टिपत राहावे. सामना कुणीकडे झुकतो आहे हे गुणफलकाच्या आधी तिथे दिसते.

२०१९ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात पाचव्या सेटमध्ये ८-७ अशा आघाडीवर फेडररची सर्व्हिस होती आणि ४०-१५ असे दोन विजेतेपदाचे गुण त्याच्या हाती होते. पहिल्यावर त्याचा फोरहँड बाहेर गेला. दुसऱ्यावर तो जाळीकडे धावला आणि जोकोविचने तिरका फोरहँड त्याच्या बाजूने काढला. एकूण गुण फेडररचे २१८ झाले, जोकोविचचे २०४, आणि करंडक जोकोविचने उचलला. २०२५ च्या फ्रेंच खुल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात अल्कराझ चौथ्या सेटमध्ये ३-५, ०-४० असा मागे होता. सिन्नरचे ते तिन्ही विजेतेपदाचे गुण त्याने वाचवले आणि ५ तास २९ मिनिटांनी सामना जिंकला. हे दोन्ही सामने पुन्हा पाहायला मिळाले तर ते निर्णायक फटके बाजूला ठेवून फक्त त्यांच्या मधले खेळाडूंचे चालणे पाहावे. प्रत्यक्ष स्पर्धेला जाण्याआधी यापेक्षा चांगला अभ्यास नाही.

बाकीचे थोडक्यात. मोठ्या कोर्टांवर जागेवरून उठणे-बसणे गुण चालू असताना करू नये, आणि सर्व्हिसच्या वेळी शांत राहावे. विषम गेमनंतर खेळाडू बाजू बदलतात तेव्हा, सेटचा पहिला गेम सोडून, ९० सेकंद मिळतात. पाणी, टोपी, जागा बदलणे हे सारे त्यात उरकावे, पण सेट संपल्यावरच्या विश्रांतीत उठू नये, कारण नुकताच सेट गमावलेला खेळाडू खुर्चीत बसून काय करतो हे पाहण्याजोगे असते. आणि सामना पाचव्या सेटपर्यंत लांबला, उशीर होऊ लागला आणि पुढच्या रांगा रिकाम्या होऊ लागल्या, तर तिथल्या स्वयंसेवकाला विचारून खाली सरकावे. तिथून दमलेल्या पायांची ती बारीक उडी अजून वेळेवर पडते आहे की नाही, हे स्पष्ट दिसते.