पुणे–हंपी गाडीने: पहिल्या दिवशी विजापुरात या चुका टाळा

हंपीला गाडीने निघालेली पुण्याची मंडळी पहिला मुक्काम बऱ्याचदा विजापूरला टाकतात. अंतर साधारण 350 किलोमीटर, रस्ताही चांगला. म्हणूनच गाफीलपणा होतो. आठला निघालं तरी चालेल असं वाटतं आणि हडपसर ते उरुळी कांचन या पट्ट्यातच निम्मी सकाळ जाते. पाचला घर सोडा.

भिगवणची मच्छी आणि सोलापूरची चादर ही दोन्ही कामं परतीची. सोलापूर शहरात शिरलात की दीड तास गेलाच म्हणून समजा. केगाव–हत्तूर बायपास धरा. उसाचा हंगाम असेल तर ट्रॅक्टरला ओव्हरटेक करताना एक ट्रॉली नाही, दोन असतात हे धरूनच चाला. अंधारात मागचा दिवा असेलच असं नाही.

हॉटेल बुक करताना नकाशावरचा पिन नीट पाहा. 2014 पासून शहराचं अधिकृत नाव विजयपुरा आहे आणि बंगळुरूजवळ देवनहळ्ळी तालुक्यात याच नावाचं दुसरं गाव आहे. गाडी आत लावता येते का, हेही फोन करूनच विचारा.

आता खरी चूक. दुपारी एक-दोनला पोचायचं, खानावळीत ज्वारीची भाकरी आणि भरलं वांगं चेपायचं आणि तसंच गोलघुमटावर चढायचं. चार कोपऱ्यांना सात मजली मनोरे, त्यांच्या आत अरुंद, उंच पायऱ्यांचा गोल जिना. दिवसभर सीटवर आखडलेले गुडघे तिसऱ्या मजल्यालाच बोलायला लागतात. वर पोचावं तर शाळेची सहल आलेली! घुमटाच्या आतल्या सज्ज्यात पलीकडच्या टोकाला कुणी कागद फाडला तरी ऐकू येतो, पण शंभर पोरं एकदम ओरडत असतील तर नुसता कल्लोळ. एवढं चढून हाती काही लागत नाही, आणि लोक म्हणतात, ‘त्यात काय विशेष?’

गोलघुमट दुसऱ्या दिवशी सकाळी, दार उघडल्या उघडल्या करा. एकाने पलीकडे जाऊन भिंतीकडे तोंड करून हळू बोलायचं, दुसऱ्याने इकडे भिंतीला कान लावायचा. हाका मारू नका, कुजबुजा. आवारातलं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, तेवढं वार बघून ठरवा.

मग पहिल्या दिवशी काय? तासभर आडवे व्हा आणि चारच्या सुमाराला इब्राहिम रोझा, म्हणजे इब्राहिम आदिलशहा दुसऱ्याची कबर आणि मशीद, गाठा. उन्हं कलताना तिथलं कोरीवकाम उठून दिसतं आणि गर्दीही त्या मानाने कमी. वाटेत मलिक-ए-मैदान तोफ आहेच. सुमारे 55 टनांची ही तोफ 1549 मध्ये आपल्या अहमदनगरला, निजामशाहीत ओतलेली. तोंडाशी सिंहाचा जबडा आहे आणि त्यात हत्ती सापडलाय. फोटोच्या नादात तो बघायचा राहतो.

पोचायलाच पाच वाजले, तर तिकिटाच्या जागांमागे धावू नका. शहरातच असलेला बारा कमान बघा. अली आदिलशहा दुसऱ्याच्या थडग्याभोवतीच्या त्या अर्धवट कमानींना अर्धा तास पुरतो. मुलांना गाडी लागली असेल तर तेही सोडा, जेवून झोपा. सकाळी गोलघुमट आटोपून साडेनऊपर्यंत निघालात तरी बदामीची लेणी दुपारनंतर निवांत होतात.