काचेच्या चिपेचा प्रयोग : या चुका टाळा, अपवर्तनांक दीडच्या जवळ येईल

दहावीच्या प्रात्यक्षिकात काचेच्या आयताकृती चिपेच्या दोन्ही बाजूंना टाचण्या टोचून किरणाचा मार्ग आखतात आणि अपवर्तनांक (काचेत शिरताना प्रकाश किती वळतो, ते सांगणारा आकडा) काढतात. साध्या काचेसाठी तो १.५ च्या आसपास यायला हवा. उत्तर भलतंच आलं तर खाडाखोड करू नका. चूक कुठे झाली, हे तो आकडाच सांगतो.

उत्तर एकापेक्षा कमी आलंय? मग कोन तपासा. प्रत्येक वाचनात ०.६७ च्या जवळपास येत असेल, तर भागाकार उलटा झालाय. sin i ला sin r ने भागायचं असतं (i हा काचेवर पडणाऱ्या किरणाचा, r हा काचेतल्या किरणाचा स्तंभिकेशी, म्हणजे काचेच्या कडेवर काढलेल्या लंबाशी, होणारा कोन). पण i म्हणून मोजलेल्या ३०° ला ०.६१, ४५° ला ०.८०, ६०° ला ०.९२ असं वाढत असेल, तर कोन स्तंभिकेऐवजी काचेच्या कडेपासून मोजलेत. ही चूक नेहमी होते. ३०° ला १.५४ आणि ६०° ला १.७० आलं, तर sin न घेता थेट कोनांचाच भागाकार केलाय.

निर्गत (काचेतून बाहेर पडणारा) किरण आपाती (काचेवर पडणाऱ्या) किरणाच्या सरळ रेषेतच आला, तर टाचण्या चिपेच्या वरून बघून लावल्या आहेत. डोळा कागदाच्या पातळीला आणा, एक डोळा मिटा आणि काचेतून दिसणाऱ्या टाचण्यांची टोकं (डोकी नव्हे) एका रेषेत आणा. टाचणी किंचित कललेली असली, तरी तिचं डोकं दोन-तीन मिलिमीटर सरकलेलं असतं. दोन टाचण्यांमध्ये किमान ५ सेंमी अंतर ठेवा. जवळजवळ टोचल्या तर रेषेची दिशा सहज चुकते.

६०° च्या वाचनाला पलीकडून टाचण्या दिसतच नाहीत, ही तक्रारही नेहमीची. ६ सेंमी रुंदीच्या चिपेत हा किरण लांबीच्या दिशेने सुमारे ४.२ सेंमी सरकतो. आपतन बिंदू (किरण काचेत शिरतो ती जागा) पुढच्या, म्हणजे किरण जिकडे सरकतो तिकडच्या, कोपऱ्याजवळ घेतला असेल, तर किरण समोरच्या कडेऐवजी बाजूच्या कडेवर आदळतो आणि तिथे त्याचं पूर्ण आंतरिक परावर्तन होतं, म्हणजे तो बाहेर न पडता काचेतच परत फिरतो. म्हणून किरण ज्या बाजूने येतो, त्या बाजूच्या कोपऱ्यापासून २-३ सेंमीवर बिंदू घ्या.

चिपेची बाह्यरेषा टोकदार पेन्सिलीने, अगदी कडेला लागून काढा. दोन्ही बाजूंना फक्त अर्धा मिलिमीटर बाहेर गेली, तरी ४५° ला १.५ ऐवजी १.४८ येतं. चीप मध्येच हलली, तर तो कागद बाजूला ठेवून नव्यावर सुरुवात करणंच बरं. टाचण्या काढल्या की छिद्रांभोवती लगेच छोटी वर्तुळं करा.

r मध्ये १° ची चूक ३०° च्या वाचनात उत्तर १.५ वरून १.४३ वर नेते. ६०° ला तीच चूक फक्त १.४६ पर्यंत. त्यामुळे मोठे कोन टाळू नका. सरासरी काढायची ती प्रत्येक वाचनातून आलेल्या अपवर्तनांकांची, कोनांची नव्हे.